अण्णांची अकरा हजार पावलं

त्या मंगळवारी दुपारी साडेचारला माझ्या वडिलांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १४८ पडत होते. ते साताऱ्यात, मी बंगळुरात, आणि मीटिंग अशी की मधून उठलं तर चार जण माना वळवतील. टेबलावर पालथा घातलेला फोन एकदा थरथरला, दोनदा थरथरला, तिसऱ्यांदा मी तो उलटा केला तर लाल बदामाखाली तो आकडा. काही न बोलता बाहेर जिन्यात आले आणि फोन लावला. सहा रिंगा गेल्या. प्रत्येक रिंगेला मी मनात शेजारीपाजारी धुंडाळत होते, आत्ता कोण घरी असेल, किल्ली कुणाकडे आहे. सातव्या रिंगेला अण्णांचा आवाज आला, मागे रेडिओ लागलेला. "काय गं, आत्ता या टायमाला?" मी विचारलं, काय करताय. "लसूण सोलतोय की." बसून? "मग काय नाचत सोलू?" मी म्हटलं, घड्याळ आहे ना हातात? यावर ते जरा थांबले. फार नाही, एखादी पाकळी सोलायला लागेल इतकंच. मग म्हणाले, "हाय की. आज जरा जास्त चाललो म्हणून दाखवत असंल. पार पायथ्यापर्यंत गेलतो." पायथा म्हणजे अजिंक्यताऱ्याचा. रात्री ॲपमध्ये दिवसाची बेरीज आली, ११,२४० पावलं. मी तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. चुलतभावांनी दंड फुगवलेले हात पाठवले, आत्याने लिहिलं, 'दादा पहिल्यापासूनच काटक'. सगळे खूश. मला मात्र झोपताना ती लसणाची पाकळी आठवत राहिली.

अण्णा एसटीत मेकॅनिक होते. लहानपणी त्यांचा वास म्हणजे ग्रीस, डिझेल आणि त्यावर लाल साबण. गाडी लांबून येताना ऐकून ते सांगायचे, क्लच गेलाय, नाहीतर बेअरिंग बोलतंय. यंत्राचं 'बोलणं' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. मागच्या आषाढात हा माणूस मोरीत घसरला आणि खुब्याचं हाड मोडून दीड तास तिथेच पडून राहिला. हाताशी तांब्या होता, तो कोब्यावर वाजवत राहिले. बाहेर पत्र्यावर असा पाऊस की खालच्या भाडेकरूंनाही ऐकू गेलं नाही. शेवटी स्वयंपाकाच्या मावशी आल्या. पुढे हे सांगताना ते हसायचे, "इतका वाजवला की भजनी मंडळात घेतील मला." मी कधी हसू शकले नाही. मी त्या दीड तासात काय करत होते ते मला माहीत आहे. कॉफी पीत होते.

ऑपरेशननंतर त्यांना खाटेवरून उचलायचं काम दोन वॉर्डबॉय करायचे. एक बगलेत हात घालायचा, दुसरा पाय धरायचा, 'एक, दोन' म्हणायचे आणि तीन म्हणायच्या आत उचलायचे. मागून उघडा असलेला तो हॉस्पिटलचा झगा, आणि मी कोपऱ्यात पिशवी धरून उभी. अण्णा दर वेळी भिंतीकडे तोंड फिरवायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इंजिन उतरवायला चेन ब्लॉक असतो. माणसाला का न्हाई?" वॉर्डबॉय हसले. मीही हसले. ते दोघे गेल्यावर अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले, "तू त्या वेळेला बाहेर जात जा बाळ." आईच्या मागे हे सगळं मी करायचं, प्रेमाने करायचं, असं मी ठरवूनच आले होते. बेडपॅनसुद्धा. त्यासाठी नोकरीतून पंधरा दिवस मागून घेतले होते. आणि त्यांना माझ्यापेक्षा चेन ब्लॉक चालणार होता.

म्हणून मी त्यांना रोबेअरची गोष्ट सांगितली. जपानमधल्या रिकेन या संशोधनसंस्थेने २०१५ मध्ये दाखवलेला हा यंत्रमानव. पांढरं अस्वलाचं तोंड, दोन जाड, मऊ गादीचे हात, आणि काम म्हणजे आजाऱ्याला खाटेवरून अलगद उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवायचं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा मागितला. "वजन किती?" १४० किलो. मला वाटलं होतं ते दचकतील, कारण त्यांच्या दुप्पट झालं. पण ते म्हणाले, "एवढं पायजेच. न्हाईतर माझ्यासंगट तेच पुढं उलटंल." उचलताना तो खालचे पाय पसरून रुंद बसतो, हे सांगितल्यावर त्यांनी बरोबर आहे अशी मान हलवली, जशी पूर्वी एखाद्या शिकाऊ पोराने पाना नीट धरला की हलवायचे. मिळतो कुठं? मी म्हटलं, नाही, प्रयोगशाळेतच राहिला. "म्हंजे पासिंग न्हाई झालं." मग बराच वेळ फोटो बघत राहिले. "अस्वलाचं तोंड कशाला लावलं पण? त्यानं माझ्याकडं बघू नये एवढंच हाय."

घड्याळ मी त्यानंतर आणलं. माणूस पडलेला त्याला कसा कळतो, हे अण्णांनी दोनदा समजून घेतलं. आत हालचाल मोजणारे बारीक सेन्सर असतात. पडताना आधी क्षणभर जणू वजनच नाहीसं होतं, मग आपट बसते, आणि मग हात हलायचा थांबतो. हे तिन्ही याच क्रमाने आलं की घड्याळ मनगटावर टकटक करून विचारतं, पडलात का? उत्तर नाही आलं तर मुलीला फोन लावतं. "आन् पडून वळवळ केली तर?" तर त्याला वाटतं, सावरलात तुम्ही. "माणसांचं बी तसंच हाय." पहिल्याच आठवड्यात मला दोनदा निरोप आला की तुमचे वडील पडले आहेत. दोन्ही वेळा ते ओट्यावर दोस्तांबरोबर मेंढीकोट खेळत होते. हुकमाचा एक्का हात वर नेऊन आपटायचा आणि पुढचं पान पडेपर्यंत ऐटीत थांबायचं, ही त्यांची पन्नास वर्षांची पद्धत. घड्याळाच्या हिशेबात ते चोख पडणं होतं. मागून कुणीतरी ओरडलेलं मला फोनवर ऐकू आलं, "पोरीला सांग, एक्का पडलाय, तू न्हाईस!"

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. घरातल्या घरात, मग अंगणात, हळूहळू रोज चार हजारांपर्यंत. मी रोज रात्री फोन करून विचारायला लागले, "किती झाली?" त्याआधी मी 'जेवलात का' विचारायचे. एका प्रश्नाच्या जागी दुसरा कधी आला, हे माझ्याही लक्षात आलं नाही. सुरुवातीला सहाशे, आठशे असे आकडे यायचे आणि माझा आवाज आपोआप शिक्षिकेचा व्हायचा. मग दिवाळीआधी आकडे वाढले. दोन हजार, पाच हजार, आणि त्या मंगळवारी अकरा हजार.

कार्तिकात मी न कळवता साताऱ्याला गेले. स्टँडवरून रिक्षा केली, गल्लीच्या तोंडाशी पोरांचा कबड्डीचा डाव रंगला होता म्हणून तिथेच उतरले. खालच्या भाडेकरूंचा पोरगा चढाईला निघाला होता. चौथीत आहे, अण्णा त्याला बारक्या म्हणतात. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवून वर केसांचं रबर गुंडाळलेलं. मला बघताच त्याने हात पाठीमागे नेला आणि तेवढ्यात त्याची तंगडी धरून पोरांनी त्याला आडवा केला. घड्याळाने विचारलं असणार, पडलात का? मी त्याला बाजूला घेतलं. "आजोबांनीच दिलंय. शाळा सुटली की घालायचं आणि सातला परत द्यायचं." रोज? "रविवार सोडून." रविवारी का नाही? माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मोठी माणसं किती मठ्ठ असतात. "रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल असतोय ना." बदल्यात काय देतात, विचारलं. सायकलचं पंक्चर काढायला शिकवतात. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, घासायचं, सोल्युशन लावून फुंकर घालायची. हे सांगताना तो माझी भीती विसरून गेला होता. मी म्हटलं, मी पाहिलं हे आजोबांना सांगू नकोस. त्याने गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली.

त्या रात्री मी बाहेरच्या खोलीत झोपले होते. दोनच्या सुमारास अण्णा उठले. काठी टेकल्याचा आवाज, मग भिंतीवरून तळहात घासत जातो तो आवाज, मग दातांमधून सोडलेला श्वास. मी मोजलं. खाटेपासून संडासापर्यंत १९ पावलं.

तेवढीच परत.

सकाळी मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. अण्णा तरुणपणी जीपवाल्यांच्या गोष्टी सांगायचे, गाडी विकायच्या आधी केबल काढून किलोमीटरचा काटा मागे फिरवणाऱ्यांच्या. मागे फिरवणारे पुष्कळ असतात, पुढे फिरवणारा हा पहिलाच. आणि फिरवला तो कुणासाठी? ॲप माझ्या फोनमध्ये, काळजी माझी, रात्रीची झोप माझी, मनगट तेवढं त्यांचं. दुखण्यामुळे चालवत नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? दुसरा डॉक्टर शोधला असता, फिजिओथेरपिस्ट लावला असता, रजा काढून आले असते, आणि हे सगळं त्यांना नको होतं. मला हवा होता तो आकडा त्यांनी पाठवून दिला. पैसे मागणाऱ्या पोराला बाप मनिऑर्डर पाठवतो तसा.

खोटं बोलायला मीही घरातच शिकले, तेही वाचून दाखवताना. मिरजेचे आप्पामामा लहानपणी देवीच्या साथीत अंध झाले. पुढे बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. त्या काळात अंध माणसांना बँकांमध्ये बऱ्याचदा ही नोकरी मिळायची. बोर्डवरचा खटका आणि 'नमस्कार' यात त्यांचा आवाज असा लागायचा की लोक साहेब समजून बोलत. मे महिन्यात मी आजोळी गेले की मामांची पत्रं वाचून दाखवायचं काम माझं. १९८९ ची सुट्टी, मी दहा वर्षांची. कराडहून एक आंतरदेशीय आलं, मामांसाठी ज्यांची मुलगी पाहत होते त्यांचं. मी ठसक्यात वाचायला लागले आणि मध्येच एक ओळ आली. मुलाच्या नोकरीविषयी प्रश्न नाही, परंतु आमच्या मुलीने जन्मभर काठी होऊन राहावे हे मनास पटत नाही. मला सगळं कळलं नाही, पण ही वाचायची नाही एवढं कळलं. मी तिच्यावरून उडी मारून थेट 'कळावे, लोभ असावा' वर गेले. मामा 'बरं' म्हणाले, पत्राची घडी घातली आणि रेडिओखाली ठेवून दिली. चार वर्षांनी त्यांचं लग्न झालं. आमच्या मामी कुणाच्या काठी होण्यातल्या नाहीत. भाजीवाल्याशी भांडायला त्या मामांनाच पुढे करतात.

मामांच्या फोनमधला आवाज कुणी ऐकलाय का? स्क्रीनवरचं वाचणारा. नवशिक्याला तो बोलण्यासारखा वाटतो, मामांनी त्याचा वेग इतका वाढवलाय की पत्र्यावर गारा पडाव्यात तसं वाटतं. एसटीत बसून ते इअरफोन न लावता बँकेतली शिल्लक ऐकतात आणि शेजारच्याला अक्षर कळत नाही. चारचौघांत उघड्यावर ठेवलेलं गुपित. निवृत्त व्हायच्या आधी, बँकेतला बोर्ड बंद होऊन सगळं आपोआप लागायला लागल्यावर, त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला होता तो असाच स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या, एनव्हीडीए नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, दोघेही अंध. मामा अभिमानाने सांगायचे, "आपल्यातल्याच पोरांनी केलंय." मी लहान असते तर विचारलं असतं, मिरजेचे का?

पण या सगळ्याची किंमत मला कळली ती नोटांमुळे. जुन्या नोटा मामा बोटांवर मोजून ओळखायचे. शंभराची १५७ मिलिमीटर लांब, पाचशेची १६७, मध्ये चांगला सेंटिमीटरचा फरक. नव्या आल्या त्या शंभराची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार-चार मिलिमीटर. कडेला उठावाच्या रेघा असतात, पण चार हातांतून गेलेल्या नोटेवर त्या बुजून जातात. चाळीस वर्षं स्वतःच्या पाकिटातून स्वतः पैसे देणारा माणूस दर वेळी 'ही केवढ्याची?' विचारायला लागला. "फसवतील याची भीती नाही गं, सहसा कुणी फसवत नाही. विचारायची शिसारी येते." रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये 'मनी' नावाचं ॲप काढलं. फोनचा कॅमेरा नोटेवर धरायचा, तो सांगतो केवढ्याची. इंटरनेटही लागत नाही. मी तेव्हा मिरजेला होते. मामांनी पाकिटातल्या सगळ्या नोटा पलंगावर मांडल्या आणि एकेक फोनसमोर धरली, पुन्हा धरली, उलटी करून धरली. मामी म्हणाल्या, किती वेळा मोजाल, वाढणार आहेत का? मिंधेपण हा शब्द मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकले होते. त्या दिवशी तो जाताना पाहिला.

या फेब्रुवारीत मामांचा फोन आला. हल्लीचे हे एआयवाले ॲप हाताने लिहिलेलं मराठीही बऱ्यापैकी वाचतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. मामी देवळात गेल्यावर त्यांनी ट्रंकेतलं जुन्या पत्रांचं पुडकं काढलं आणि एकेकाचा फोटो काढत बसले. "चुका करतं. 'लोभ असावा'चं 'लाभ असावा' केलं त्यानं. पण वाचतं." मग म्हणाले, "एक ओळ गाळली होतीस तू. कराडच्या पत्रातली."

मी काही बोलले नाही.

"ओळ आज कळली," मामा म्हणाले. "गाळलीस ते तेव्हाच कळलं होतं. तू तिथं श्वास घेतला होतास." छत्तीस वर्षांपूर्वीचा माझा श्वास त्यांनी जपून ठेवला होता. मी क्षमा मागायला लागले तर मला थांबवून म्हणाले, "हे मशीन श्वास घेत नाही. सरळ वाचून गेलं, काठी-बिठी सगळं. बरं वाटलं." बरं? "मग! इतकी वर्षं त्या गाळलेल्या जागेत मी काय काय घालून बघितलं होतं. त्यापेक्षा बरीच सौम्य निघाली." आणि मोठ्याने हसले. मामींची चाहूल लागली असावी, कारण पुढचं वाक्य एकदम पावसापाण्याचं आलं.

यंत्र खोटं बोलत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं बोलण्यासाठीच बनवलेलं एक यंत्र मी मांडीवर घेतलंय. २०२३ मध्ये सात महिने कामासाठी तोक्योत होते, निशिकसाईला, जिथे स्टेशनबाहेर मराठी ऐकू आलं तरी कुणी वळून बघत नाही. ऑफिसातली मैत्रीण एका रविवारी तिच्या आजीला भेटायला वृद्धांच्या निवासात घेऊन गेली. आजीच्या मांडीवर पारो होता. सीलचं पांढरं पिल्लू, अंगभर मऊ लव, वजन २.७ किलो, म्हणजे नवजात बाळाएवढंच. कुरवाळलं की डोळे मिटतं, हाक मारली की मान वळवतं, फार वेळ दुर्लक्ष केलं की कण्हतं. ताकानोरी शिबाता या संशोधकाने १९९३ पासून त्यावर काम केलं. कुत्रं किंवा मांजर का नाही केलं याचं कारण मोठं हुशारीचं आहे. कुत्र्यामांजराशी आयुष्य काढलेली माणसं लगेच म्हणतील, हे काही खरं नाही. सीलचं पिल्लू कुणी पाळलंय? तुलनाच नको. चार्ज करायची वायर बाळाच्या चोखणीसारखी, ती त्याच्या तोंडात द्यायची. सगळा खेळ मला तेव्हा जरा किळसवाणा वाटला. म्हातारीला बाहुली देऊन गप्प बसवल्यासारखा. २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली हे कळल्यावरही माझं मत फारसं हललं नाही.

हललं ते पुढच्या पाच मिनिटांत. आजीचा स्वेटर बदलायला परिचारिका आली. आजी जपानीत काहीतरी पुटपुटली, पिल्लाला दोन्ही हातांनी उचललं आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून बाजूला ठेवलं. कपडे बदलून झाले, बटणं लागली, मग पुन्हा आपल्याकडे वळवून घेतलं. मी मैत्रिणीला विचारलं, आजीला ते जिवंत वाटतं का? तिने तसंच आजीला विचारलं असावं, कारण आजीने माझ्याकडे बघितलं, बारक्याने पुढे कार्तिकात बघितलं अगदी तसं, आणि एकच शब्द बोलली. मैत्रीण हसत म्हणाली, "बॅटरीवर चालतं, म्हणतेय." बॅटरीवर चालतं हे माहीत, तरी लाज राखायची. हॉस्पिटलात अण्णा अस्वलाच्या तोंडाविषयी बोलले तेव्हा मला ही आजी आठवली होती, पण त्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, बरोबर हाय तिचं.

याच्या अगदी उलट यंत्र मी त्याच शहरात पाहिलं. निहोनबाशीला डॉन नावाचं कॅफे आहे, जून २०२१ मध्ये सुरू झालेलं. तिथे वाढतात, बोलतात ते ओरिहिमे नावाचे रोबो. टेबलावरचा तर वीतभरापेक्षा थोडा मोठा, पांढरा, चेहऱ्यावर भाव असा नाहीच, मुखवट्यासारखा. पण आत कसलीही बुद्धी नाही, माणूस आहे. कुठल्या तरी दूरच्या गावी अंथरुणाला खिळलेला माणूस तिथून तो चालवतो, कॅमेऱ्यातून आपल्याला बघतो, आपल्याशी बोलतो, आणि या कामाचा त्याला पगार मिळतो. कुणी माउस हलवून चालवतं, कुणी नुसत्या डोळ्यांनी. हे बनवणारे केंतारो योशिफुजी लहानपणी आजारपणामुळे साडेतीन वर्षं शाळेत जाऊ शकले नव्हते. माझ्या टेबलावरचा माणूस बरं इंग्रजी बोलायचा. गाव विचारलं, सातारा सांगितलं, डोंगर आहे का विचारलं. घरामागेच आहे, वर किल्ला आहे, म्हटल्यावर रोबोने इवलासा हात वर केला. गप्पांच्या मध्येच तो म्हणाला, "क्षमा करा, थोडा वेळ," आणि रोबोची मान खाली गेली. मी कॉफी संपवली. चार-पाच मिनिटांनी मान वर आली. "नर्स आली होती. कूस बदलायची वेळ झाली होती." इतकं साधेपणाने सांगितलं, जसं आपण म्हणतो, दाराशी दूधवाला होता. तिकडे त्याचं शरीर दोघींनी उचलून वळवलं होतं, झगा सरकला असेल, दातांमधून श्वास सुटला असेल. आणि इकडे टेबलावर त्याची जागा धरून एक कोरा चेहरा बसला होता, ज्याच्यावरून मला काही म्हणजे काही कळलं नाही. 'तू त्या वेळेला बाहेर जात जा बाळ.' बाहेर जायची सोय त्या माणसाने स्वतःच करून घेतली होती.

साताऱ्याहून निघायच्या आदल्या दिवशी मी मोरीत स्टीलचा दांडा बसवून घेतला. साडेचारशे रुपयांचा. अण्णांच्याच जुन्या सोबत्याने येऊन भिंतीला ड्रिल मारलं, अण्णा स्टुलावर बसून 'जरा वर, जरा वर' म्हणत होते. आतापर्यंत मी त्यांच्यासाठी आणलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना मनापासून आवडलेली ही एकच. घड्याळाविषयी मी बोलले नाही, तेही बोलले नाहीत. रात्री 'किती झाली' विचारायचं मात्र मी सोडलं. भाजी काय केली विचारते, मेंढीकोटात कुणावर कोट चढला ते विचारते.

ॲप काही काढून टाकलेलं नाही. उलट आता मी ते जास्त बघते, कारण आता ते वाचता येतं. साडेचारला रेघ वर उसळते, तो बारक्या. शनिवारी सकाळीच उसळते, कारण शाळा लवकर सुटते. सात वाजता ती एकदम खाली येते आणि सपाट चालू लागते, तेव्हा घड्याळ अण्णांच्या हातात आलेलं असतं. मग रात्री दोन-सव्वादोनला एक बारीक उंचवटा. ३८ पावलं. कधी दुसऱ्यांदा पहाटे पाचला, पुन्हा ३८. थंडी होती तेव्हा मध्येच ४४ व्हायची. जास्तीची सहा पावलं कुठे जातात याचा मी बरेच दिवस विचार केला, मग लक्षात आलं, खिडकी लावायला. दिवसभराच्या त्या हजारो पावलांच्या ढिगात माझ्या वडिलांची म्हणावी अशी एवढीच, आणि ती शोधायला मला बरं वाटतं.

गेल्या गुरुवारी साडेचार वाजून गेले तरी रेघ हलली नाही. पावणेपाच झाले. पाच झाले. ७० वर सपाट. मीटिंग नव्हती, तरी मी उठून जिन्यात गेले. पोराला ताप आला असेल का, कबड्डीत हात मोडून घेतला असेल का, त्याच्या आईचा नंबर माझ्याकडे का नाही. पहिल्याच रिंगेला फोन उचलला गेला.

"अण्णा, आज कुणी खेळायला गेलं नाही का?"

तिकडे एक पाकळी सोलून झाली.

"पाऊस लागलाय हिकडं," अण्णा म्हणाले. "सकाळपासनं. पोरं समदी घरातच हाईत."

"बरं."

"इथंच बसलाय त्यो. ट्यूब फाडून ठेवली माझी."

मागून बारक्या काहीतरी ओरडला. मग काही वेळ आम्ही दोघंही बोललो नाही, पत्र्यावरचा पाऊस मला फोनमधून ऐकू येत होता.

"किती दाखवतंय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ठोके."

"सत्तर."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तेवढेच असत्यात माझे."